सतरा पायऱ्यांवरचा ससा

पोळ्याला धाड गावात एखादं पोर बैलाला बिचकलं, की कुणीतरी त्याला उचलून थेट बैलाच्या पाठीवर बसवतं. ‘भेतं कायले?’ मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या मुलावर लिहिलेला छोटासा शोधनिबंध वाचताना मला हे हटकून आठवतं, कारण त्या निबंधात कुणी कुणाला उचलून बसवत नाही.

वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९२० साली एका तान्ह्या बाळात भीती कशी रुजवली, ते जगाला दाखवलं होतं. जोन्सबाई उलट्या वाटेने, भीती घालवायला निघाल्या. पीटर होता दोन वर्षं दहा महिन्यांचा. पांढरा उंदीर, ससा, फरचा कोट, पीस, कापूस, सगळ्याला भ्यायचा. लाकडी ठोकळ्यांशी मात्र मजेत खेळायचा.

निबंधाचा प्राण आहे त्यातली सतरा पायऱ्यांची यादी. पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही नको, इथून ती सुरू होते. मग बारा फुटांवर चालतो, चार फुटांवर, तीन फुटांवर. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देतो. मधली एक पायरी मला विलक्षण वाटते: पीटर सशावर थुंकतो, वस्तू फेकतो, त्याच्या नकला करतो. कुठल्याही घरात याला धपाटा मिळाला असता. जोन्सबाई ही प्रगती म्हणून नोंदवतात. मनात काय चाललंय हे न विचारता केवळ वागणं पाहणारी ही नजर किती मायाळू असू शकते, ते इथे कळतं.

पुढे पीटर तापाने दोनेक महिने रुग्णालयात राहिला. परतताना मोठा कुत्रा अंगावर आला, बरोबरची परिचारिकाही घाबरली, आणि सगळी भीती परत आली. बाईंनी हे लपवलं नाही. आता त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचं खायला द्यायचं आणि त्याच्या खाण्यात खंड पडणार नाही इतपतच ससा जवळ आणायचा, असं सुरू झालं. अंतर किती, हे पीटरच्या घासाने ठरवायचं! पुढच्या काळातल्या वर्तनोपचाराचं बीज इथे आहे.

सशाबरोबर कापूस, पीस, कोट यांचीही भीती गेली. पण बाई विजयावर थांबत नाहीत. मुलाला पुन्हा त्याच्या अवघड घरातच राहायचं आहे, हेही त्या लिहून ठेवतात.