मदेरा आणि मदिरा

मदेरा आणि मदिरा यांत फरक फक्त मात्रा-वेलांटीचा. पण पोर्तुगीजात मदेरा म्हणजे चक्क लाकूड! अटलांटिकमधल्या त्या बेटावर वस्ती झाली १४२० च्या सुमारास. शेक्सपिअरच्या नाटकात मात्र १४०२-०३ च्या काळातला फॉल्स्टाफ पेलाभर मदेरापायी आत्मा विकून बसलाय. बेट वसण्याआधीच गिऱ्हाईक हजर! वाईनला याहून मोठी शिफारस कोणती?

लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात ब्रँडी घालू लागले. पिंपं थेट हिंदुस्थानपर्यंत यायची. जहाजाच्या पोटात उकाडा, वरून हेलकावे. दुसऱ्या एखाद्या वाईननं केव्हाच मान टाकली असती. ही परतली ती सुधारून! विलायतेला जाऊन सुधारलेली माणसं आपण पाहिलीत. हिंदुस्थानला येऊन सुधारलेली विलायती वस्तू ही एकच.

पुढे हा फेरा वाचवायला बेटावरच तापवायच्या टाक्या आल्या. ४५ ते ५० अंश, किमान तीन महिने, की झाली तयार. माझं भांडण आहे ते इथं. ही घाईची मदेरा गोड लागते आणि तिथंच थांबते. उलट माळ्यावरच्या पिंपात वर्षानुवर्षं उन्हानं मुरलेली ‘माल्व्हाझिया’ घ्या. करपलेल्या साखरेच्या गोडीमागून असा काही आंबटपणा येतो, की आमसूल-गुळाच्या आमटीवर वाढलेली जीभ लगेच ओळख देते. नुसता गूळ म्हणजे काही आमटी नव्हे!

शिवाय उघडलेली बाटली महिनोन्‌महिने बिघडत नाही. बिघडायचं ते सगळं तिनं आधीच उरकून घेतलेलं असतं.