खिडकीजवळची जागा

प्रवासवर्णनं वाचण्याचा मला जुना नाद. त्यामुळे अंतराळात सहलीला जाऊन आलेल्यांच्या हकिगतीसुद्धा मी प्रवासवर्णनं म्हणूनच वाचतो. आणि तशा वाचल्या की एक तक्रार उरते : यात प्रवास थोडा आणि वर्णन त्याहून थोडं.

२००१ साली डेनिस टिटो सुमारे २ कोटी डॉलर मोजून रशियन यानातून गेले, ते निदान आठवडाभर राहून तरी आले. २० जुलै २०२१ ला जेफ बेझोस स्वतःच्याच कंपनीच्या यानातून सुमारे १०७ किलोमीटर वर गेले आणि दहा मिनिटांत खाली! एवढ्या वेळात आमच्या सहलीच्या बसमध्ये माणसं मोजूनसुद्धा होत नाहीत. बरोबर सख्खा भाऊ होता, तरी भांडण नाही. कारण त्या यानात प्रत्येक जागेला खिडकी असते. त्यातली एक जागा लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेली होती. पण घेणाऱ्याला त्या दिवशी सवडच नव्हती.

"मग पैसे परत मिळाले का हो?" आमच्या हिनं विचारलं.

"धर्मादायाला गेले."

सुरुवातीला विमानंही श्रीमंतांचीच होती, हेही तसंच स्वस्त होईल, असं सांगतात. होईलही. पण विमान माणसाला कुठंतरी पोचवायचं. हे यान जिथून उचलतं तिथंच आणून सोडतं. जत्रेतला पाळणा कितीही उंच केला तरी त्याला प्रवास कसं म्हणायचं?

तरीही या सगळ्यांत मला दोन अस्सल प्रवासी सापडले. बेझोस यांच्याबरोबर गेलेल्या वॉली फंक ८२ वर्षांच्या. १९६१ साली त्या अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या पास झाल्या होत्या; पण नासा तेव्हा बायकांना घेत नव्हती. साठ वर्षं थांबल्या. उतरल्यावर म्हणाल्या, मजा आली. पण जागा अपुरी पडली, पृथ्वी सगळी दिसेल एवढे उंच काही गेलो नाही, आणि पुन्हा जायचंय. याला म्हणतात प्रवासी!

दुसरे 'स्टार ट्रेक'मधले कप्तान, विल्यम शॅटनर. त्याच वर्षी ऑक्टोबरात नव्वदाव्या वर्षी गेले. खाली बाकीचे शॅम्पेन उडवत होते, आणि हे रडत होते. पुढं त्यांनी लिहिलं, की तो शोक होता. वर नुसता काळोख, खाली ही उबदार पृथ्वी, आणि तिचीच आपण नासाडी करतोय. दहा मिनिटांच्या प्रवासाचं याहून मोठं वर्णन माझ्या वाचनात नाही.

आणि गंमत म्हणजे, या दोघांनीही तिकीट काढलं नव्हतं. ज्यांना काही दिसलं, ते फुकट गेलेले!

हिला हे वाचून दाखवलं. ही म्हणाली, "म्हणजे आपण आमंत्रणाची वाट पाहायची. तोवर गॅलरीतली खुर्ची खिडकीशी ओढा."