टाळीच्या मागे धावणारं वक्तृत्व

कोणत्याही आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला थोडा वेळ बसावं, म्हणजे आपण मुलांना बोलायला कसं शिकवतो ते कळतं. आरंभी कवितेच्या चार ओळी, 'मित्रहो' म्हणताना चढलेला आवाज, ठरल्या जागी वर गेलेला हात आणि शेवटी डोळे ओले करण्याची सोय. समोर माइक असतो, तरी मुलं ओरडतात. हेही तंत्रच आहे. फक्त ते गुणपत्रिकेसाठी घडलंय. त्यात श्रोता कुठेच नाही.

श्रोत्याला धरून ठेवण्याची विद्या महाराष्ट्रात सर्वांत बारकाईने घोटली ती कीर्तनकारांनी. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, मग नामगजर, बुवांच्या गळ्यात हार, आणि नंतर उत्तररंगातलं आख्यान. डोकं ताजं असताना सिद्धांत, ते शिणू लागलं की गाणं, आणि गोष्ट राखून ठेवलेली. आजचा वक्ता किश्शांनी सुरुवात करतो आणि मुद्द्यापाशी पोहोचेपर्यंत घड्याळ संपतं. गाडगेमहाराजांनी तर व्याख्याता-श्रोता ही भिंतच पाडली. देवधर्म, कर्ज, पशुबळी, शाळा यांवर ते साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारत आणि उत्तर गर्दीकडूनच वदवून घेत. स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर घरी गेल्यावर झटकणं जड जातं.

न्या. रानडे यांनी 1875 साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत कस वेगळा लागतो: तासभर एकच विषय, आणि समोर वर्तमानपत्र वाचून आलेला श्रोता. नरहर कुरुंदकरांची ताकद मला त्यांच्या मांडणीच्या क्रमात दिसते. विरोधी बाजू ते आधी नीट उभी करत, मग एकेक वीट काढत. प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांची वाक्यं कोरीव असत. त्यांची नक्कल करणारे पुढे गावोगावी निघाले. बहुतेकांनी लय घेतली, वाचन घेतलं नाही.

आता मोबाइलवरच्या तुकड्यांनी आणखी एक वळण दिलंय. काही कीर्तनकार आणि प्रेरणादायी वक्ते दर दोन-तीन मिनिटांनी हशा येईल असं बोलतात, कारण तेवढाच भाग कापून फिरणार असतो. त्यातल्या काहींची विनोदाची जाण अस्सल आहे, हे मान्यच करायला हवं. पण अख्खं भाषण ऐकलं की मण्यांमधला दोरा सापडत नाही. सुनेची टिंगल, पोरांचा मोबाइल, पुन्हा सून.

प्रशिक्षणवर्गांत उभं कसं राहावं, नजर कुठे ठेवावी हे शिकवतात. ते उपयोगीही आहे. विराम मात्र क्वचितच शिकवला जातो. प्रश्न टाकून तीन सेकंद गप्प राहायला नवा वक्ता घाबरतो आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

वक्त्याची खरी पारख व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत होते. पाठांतर तिथे उघडं पडतं. पण पुष्कळ ठिकाणी ती वेळ प्रायोजकांच्या शाल-श्रीफळात जाते, आणि आभारप्रदर्शन करणारा वक्त्यापेक्षा जास्त बोलतो.