हिमनगाचे चित्र आणि पनवेलचा सातबारा

शाळेत सायबर सुरक्षेवर व्याख्यान ठरले की पडद्यावर एक चित्र हमखास येते. निळ्या समुद्रात एक हिमनग. पाण्याबाहेरचा छोटा भाग म्हणजे आपल्याला दिसणारे इंटरनेट, पाण्याखालचा प्रचंड भाग म्हणजे ‘डीप वेब’ आणि अगदी तळाशी, काळोखात, ‘डार्क वेब’. शेजारी ४ टक्के आणि ९६ टक्के असे आकडे. मुले आ वासून पाहतात. पण विज्ञान शिकवणाऱ्याने हे चित्र जसेच्या तसे वर्गात न्यावे का? त्याचे थोडे परीक्षण करू या.

आधी त्याचा गुण सांगितला पाहिजे. शोधयंत्राला सापडते तेवढेच इंटरनेट नव्हे, ही गोष्ट हे चित्र एका क्षणात पटवून देते. मात्र त्यापुढे त्याचा पाय घसरतो.

हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो, याला कारण आहे. बर्फाची घनता दर घनमीटरला सुमारे ९१७ किलोग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५. या दोन संख्यांच्या गुणोत्तरातून ते प्रमाण येते. इंटरनेटच्या टक्केवारीमागे असा कोणताही नियम नाही. ‘डीप वेब’ हा शब्द रूढ करणारे मायकेल बर्गमन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हा भाग दिसणाऱ्या वेबच्या ४०० ते ५५० पट असल्याचा अंदाज दिला होता. त्या हिशेबाने पाण्याबाहेरचा भाग पाव टक्क्याच्याही आत येतो, ४ टक्के नव्हे. शिवाय बर्गमन यांच्या यादीत सर्वांत मोठे साठे कोणते होते? अमेरिकेच्या हवामान नोंदींचा आणि नासाच्या उपग्रहांनी जमवलेल्या पृथ्वीविषयक माहितीचा! ज्या खोल पाण्याची मुलांना भीती घातली जाते, तिथे मुख्यतः पावसाचे आणि तापमानाचे आकडे होते.

आता घरचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर रायगड जिल्हा, पनवेल तालुका, मग गाव, समजा शिरढोण, असे एकेक निवडून गट क्रमांक भरला की सातबारा समोर येतो. विमानतळ आणि महामार्ग यांमुळे जमिनीचे व्यवहार वाढलेल्या या तालुक्यात हे काम कितीतरी घरांतून चालते. शोधयंत्राचा संगणकीय हस्तक दुव्यांवरून दुव्यांवर फिरतो. पण असा अर्ज भरणे आणि पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे ओळखणे त्याच्याकडून सहसा होत नाही. म्हणून तो सातबारा शोधयंत्रात सापडत नाही. म्हणजेच पनवेलचा सातबारा ‘डीप वेब’मध्ये आहे! बैठक क्रमांक आणि आईचे नाव भरल्यावर दिसणारा दहावीचा निकाल, बँकेचे खाते, आपली ईमेल, सारे तिथेच. यात गूढ काही नाही आणि गैर तर मुळीच नाही.

चित्राचा सर्वांत मोठा दोष पुढे आहे. ‘डार्क वेब’ त्याच उतारावर आणखी खाली दाखवल्याने असे वाटते, की सातबाऱ्यापासून खाली खाली जात राहिले तर आपण गुन्हेगारांच्या अड्ड्यावर पोचू. तसे होत नाही. तो खालचा मजला नसून वेगळा रस्ता आहे, आणि त्यासाठी ‘टॉर’सारखी वेगळी प्रणाली लागते. तिचे मूळ १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत आहे. संदेशावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कूटलेखनाची आवरणे चढवायची आणि तो साधारणतः तीन संगणकांमार्फत पाठवायचा, ही तिची कल्पना. तिचा वापर अमली पदार्थ विकणाऱ्यांनी केला हे खरे. पण बातम्यांवर बंदी असलेल्या देशांतील वाचकांसाठी बीबीसीनेही २०१९ पासून याच मार्गाने आपल्या बातम्या उपलब्ध केल्या.

निनावीपणा म्हणजे पाप, हा संस्कारही हे चित्र नकळत करते. मराठी वाचकाला तरी हे पटू नये. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. टोपणनावाच्या आडून त्यांनी समाजाला खडे बोल सुनावले. टोपणनावाचे गुपित ते ठाऊक असणाऱ्यांच्या विश्वासावर टिकते. ‘टॉर’मध्ये असा सर्व काही जाणणारा मध्यस्थच नसतो; माहिती तिघांत वाटलेली असते.

हे वर्गात सहज करून दाखवता येते. एक चिठ्ठी एकात एक अशा तीन पाकिटांत घाला. पहिल्या मुलाने बाहेरचे पाकीट फोडून आतले दुसऱ्याला द्यावे, दुसऱ्याने तसेच तिसऱ्याला, आणि तिसऱ्याने चिठ्ठी पोचवावी. मग विचारा: कोणाला काय कळले? पहिल्याला पाठवणारा कळला, तिसऱ्याला घेणारा. मधल्याला दोघेही नाहीत. आता चिठ्ठीखाली सही करा. तीन पाकिटे फुकट गेली! ‘सिल्क रोड’ या चोरट्या बाजाराचा चालक २०१३ साली पकडला गेला, त्यात सुरुवातीच्या काळात त्याने एके ठिकाणी स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता दिला होता, या चुकीचा मोठा वाटा होता.

या चित्राने प्रत्यक्ष नुकसान काय होते? मुलांची भीती चुकीच्या जागी जाते. त्यांना फसवणारा, धमकावणारा खोट्या नावाचा माणूस बहुधा तळाशी नसतो. तो रोजच्या वापरातल्या ॲपवरच भेटतो. ‘निनावी आहे, म्हणजे सापडणारच नाही’ असे वाटून मूल गप्प बसते. वास्तविक अशा खात्यांच्या जोडणीच्या नोंदी बहुधा कंपनीकडे असतात आणि पोलिस त्या मागवू शकतात. उलट ब्राउझरची खासगी खिडकी उघडली की आपण अदृश्य झालो, असे समजणारी मुलेही आहेत. ती खिडकी फक्त त्या यंत्रावर इतिहास ठेवत नाही. संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला जे कळायचे ते कळतेच.

म्हणून हिमनग बाजूला ठेवून फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत. ही माहिती शोधयंत्राला सापडते का? ती पाहण्याची परवानगी कोणाला आहे? आणि ती कोणी पाहिली, हे कोणाकोणाला कळते? सातबारा, निकाल, बँक, टॉर, खोटे खाते यांतील प्रत्येकाची तीन उत्तरे मुलांकडून काढून घ्यावीत. उत्तरे एका उतारावर बसत नाहीत, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. ज्याला हे तीन प्रश्न विचारता येतात, तो अंधाराला घाबरत नाही आणि उजेडात बेसावधही राहत नाही.