पिठल्यात पाणी किती?

मध्यंतरी एक रील समोर आली. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर कुरकुरीत परतून केलेली चटणी, सुंदर सिरॅमिकच्या वाटीत, आणि खाली कॅप्शन : 'झीरो वेस्ट'. चटणी छानच दिसत होती. पण आमच्या घरात ती कायम होत आलीय आणि तिला कुणी जीवनशैली वगैरे म्हटलेलं नाही. दोडक्याचे पैसे मोजलेत, मग शिरा फेकायच्या कशाला, एवढाच हिशोब. पुरणाची डाळ शिजवल्यावर निथळलेल्या कटाची आमटी, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, सगळं त्याच हिशोबातलं.

हा हिशोब मराठीत कसा लिहिला गेलाय, हे पाहायला मी दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली.

पहिलं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा', १९७० सालचं. घर सोडून निघालेल्या कितीतरी मुलामुलींच्या बॅगेत ते आईने कोंबलेलं असतं. माझ्याही होतं. या पुस्तकाची मोठी देणगी म्हणजे वाटी आणि चमचा. 'अंदाजाने घाल' हे आईच्या शेजारी उभं राहून शिकणारीला पुरतं. भाड्याच्या खोलीत एकटीने कुकर लावणारीला पुरत नाही. घरातल्याच वाटीने मोजता आलं की पदार्थ बिघडत नाही, जिन्नस वाया जात नाही. महिनाअखेरीला पीठ संपत आलेलं असताना बिघडलेला पदार्थ परवडत नाही. म्हणून पाहुण्यारावळ्यांसाठीचे इतके पदार्थ असूनही मी 'रुचिरा'ला काटकसरीचं पुस्तक म्हणेन.

पण वाटी भरायला आधी डबा भरलेला लागतो. साहित्याची यादी देणाऱ्या कुठल्याही पाककृतीत हे गृहीतच असतं. 'रुचिरा' आलं आणि दोनच वर्षांनी, १९७२ला महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, मुलं सुकडी खात होती, आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या जात होत्या. ती भाकरी थापायची तर प्रमाण कुणाला विचारणार? एकाच काळात, एकाच राज्यात ही दोन स्वयंपाकघरं होती. एकाला पुस्तक मिळालं.

दुसऱ्याला पुस्तक मिळायला बराच वेळ लागला. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. २०२४ साली त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि माझ्या वयाच्या अनेकांना ते तिथूनच कळलं, हे जरा लाजिरवाणं आहे. जेवणाआधीच्या श्लोकातल्या पूर्णब्रह्माला हे शीर्षकच आडवं जातं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होतं, ते घरात कुठून येत होतं, कुणाच्या वाट्याला काय येत होतं, हे पाटोळे सांगतात. पाककृती आहेत, पण त्या जातीच्या इतिहासापासून सुट्या करता येत नाहीत. चान्यांचंच बघा. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, कारण मांस रोज मिळत नाही आणि मिळतं तेव्हा ते टिकवावं लागतं. काहीही वाया न घालवण्याचं याहून चोख उदाहरण सापडणं अवघड. तरी चान्यांची 'झीरो वेस्ट' रील माझ्या फीडवर कधी आलेली नाही. कुणाची काटकसर गोड दिसते आणि कुणाची लपवावी लागते, हे त्यावरून कळतं.

मला वाटतं, साध्या जेवणाबद्दलच्या आजच्या बऱ्याचशा लिखाणाची अडचण इथेच आहे. ते चव सांगतं, कारण सांगत नाही. झुणका-भाकरीचंच घ्या. १९९५मध्ये राज्य सरकारने ती एक रुपयात द्यायची योजना काढली, कारण ते गरिबाचं जेवण होतं. आज तीच भाकरी 'गावरान थाळी' म्हणून येते आणि बिल बघून आपण गप्प बसतो. पदार्थ तोच, फक्त टंचाई पुसलेली.

म्हणून दोन्ही पुस्तकं लागतात. फक्त 'रुचिरा' वाचलं तर वाटेल, सगळ्यांचेच डबे भरलेले होते. फक्त पाटोळे वाचले तर आज रात्री एक वाटी बेसनात काय करायचं, हा माझा प्रश्न तसाच राहील. पण तो प्रश्न पडण्याइतकं बेसन माझ्याकडे आहे, हे त्यांनीच लक्षात आणून दिलं.

मध्ये आजीला फोन करून विचारलं, "आजी, एक वाटी बेसनाला पाणी किती घालू गं?"

ती म्हणाली, "जेवायला किती जण आहेत, ते सांग आधी."

मी म्हटलं, दोघी. मग म्हणाली, तीन वाट्या घाल, आणि कुणी आयत्या वेळी आलं तर अजून एक, वर लसणाची फोडणी जरा जास्त. पाणी वाढलं की चव पातळ होते, ती लसणाने सावरायची. हे प्रमाण मी 'रुचिरा'च्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय.