वरातीतलं इलेक्ट्रॉनिक संगीत

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईचे क्लब आठवतात. पण लग्नसराईत कुंभार पिंपळगावसारख्या मराठवाड्यातल्या बाजाराच्या गावी जे वाजतं तेही इलेक्ट्रॉनिक संगीतच आहे. बेंजो, कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि डीजेच्या लॅपटॉपमधली रिमिक्स. हे संगीत आपल्या संगीताच्या वर्गांत मात्र क्वचितच शिरतं.

तशी इलेक्ट्रॉनिक संगीताची सुरुवात आपल्या देशात लवकर झाली. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई या भारतीय संगीतकारांनी तिथे प्रयोग केले. काही वर्षांत ते काम थांबलं, फिती पडून राहिल्या, आणि त्यांतलं निवडक संगीत बाहेर आलं ते थेट २०२३ मध्ये. मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले. त्या तबकडीचं कौतुक झालं २०१० मध्ये, परदेशी कंपनीने ती पुन्हा काढल्यावर. आपलं काम बाहेरच्यांनी आपल्याला दाखवावं, हे सलतं.

आज पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनी शिकवतात, पण सिनेमासाठी. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने रागसंगीताचं संगणकीय विश्लेषण केलं आहे. दोन्ही कामं मोलाची. वरातीपर्यंत मात्र त्यांतलं काही पोचत नाही.

बेंजोचंच बघा. जपानी ताइशोगोतो हे त्याचं मूळ. आपल्याकडे तो बुलबुलतरंग म्हणून रुळला. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, तारेचा स्वर बदलायचा. इथल्या माणसांनी त्याला पिकअप बसवला, अँप्लिफायर जोडला आणि घरगुती वाद्य अख्ख्या वरातीपुढे उभं केलं. कळांचे स्वर ठरलेले, त्यामुळे मींड निघत नाही. मग वादक नखीचा वेग, पटापट पडणारी बोटं आणि इको यांवर ती कसर भरून काढतो. ऑक्टोपॅड वाजवणारा पॅडवाला एका चौकोनावर ढोलकी, दुसऱ्यावर हलगी, तिसऱ्यावर संबळ लावतो आणि नाचणाऱ्यांचा रंग पाहून चालू गाण्यातच टोन बदलतो. ध्वनिकलेच्या अभ्यासक्रमात पहिला धडा हाच असावा.

या संगीताचे दोषही सांगायला हवेत. तयार टोन सगळीकडे तेच, त्यामुळे जालन्याची हलगी आणि कोल्हापूरची हलगी पॅडवर सारखीच वाजते. हे खरं नुकसान आहे. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. डीजेच्या भिंतीपुढे ती कुठच्या कुठे राहते. नुसत्या बंदीने कान तयार होत नाहीत, त्यासाठी शिकवावंच लागतं.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी एखाद्या पॅडवाल्याला पाहुणा शिक्षक म्हणून बोलवावं, त्याला रीतसर मानधन द्यावं. विद्यार्थ्यांनी गावच्या हलगीवाल्याकडे बसून त्याचे बोल ध्वनिमुद्रित करावेत आणि तेच पॅडवर चढवावेत. येत्या लग्नसराईत एक तरी वरात नीट नोंदवा. वाजवलं कुणी, टोन कुठून आणले, शिकले कुणाकडे, हे सगळं नावानिशी लिहून ठेवा.