‘देवी’ या संबोधनातील नकार : बेदींची ‘लाजवंती’

फाळणीत अपहृत झालेल्या स्त्रियांविषयीच्या भारतीय कथांचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा बहिष्काराकडे जाते. परतलेल्या मुलीला वा पत्नीला दार न उघडणारे घर आपल्या परिचयाचे आहे. राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘लाजवंती’ या उर्दू कथेत मात्र दार उघडते आणि कथेचा खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

सुंदरलाल हा अशा स्त्रियांच्या पुनर्वसनासाठी झटणाऱ्या मोहल्ला समितीचा चिटणीस. सीतात्यागाचे समर्थन करणाऱ्या बुवाशी तो वाद घालतो. स्वतःची पत्नी परतल्यावर तिचा स्वीकारही करतो. पूर्वी तिला मारहाण करणारा हा नवरा आता तिला ‘देवी’ म्हणू लागतो. तो कोण होता, नीट वागवीत होता का, एवढे विचारून त्याची ऐकण्याची तयारी संपते. ती सारे सांगू पाहते तेव्हा झाले गेले विसरून जाऊ, असे म्हणून तो तिला थांबवतो. लाजोला पूर्वीची, भांडणारी आणि समजूत निघणारी लाजो व्हावयाचे असते. देवीला भांडता येत नाही. पावित्र्याची मूळ कल्पना येथे अबाधितच राहते. कलंकिता काय किंवा देवी काय, घडलेल्या गोष्टीचा उच्चार दोघींनाही निषिद्ध.

अपहृत व्यक्तींच्या शोधाविषयीच्या १९४९ च्या भारतीय कायद्यातही स्त्रीची स्वतःची इच्छा निर्णायक नव्हती. ती अपहृत आहे की नाही, हे न्यायाधिकरण ठरवी. (‘अब्रू लुटली’ हा मराठी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे वापरलेला शब्दप्रयोगही याच विचारव्यूहातला. लुटली जाणारी वस्तू कोणाच्या तरी मालकीची असावी लागते. या वाक्यात ती मालकी स्त्रीची क्वचितच असते.)

‘लाजवंती’शेजारी महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ठेवून पाहावी. ‘अग्निगर्भ’ (१९७८) या संग्रहातील या बंगाली कथेत संताळ दोपदी अत्याचारानंतर वस्त्र नाकारून सेनानायकासमोर उभी राहते. गायत्री स्पिवाक यांच्या १९८१ च्या इंग्रजी अनुवादानंतर विद्यापीठांतून या नकाराची पुष्कळ चर्चा झाली, आणि ती रास्तही आहे. तथापि त्या चर्चेत एक सोयही दडलेली आहे, असे मला वाटते. प्रतिकार करणारी स्त्री आपल्या आदरास सहज पात्र ठरते. नवऱ्याजवळच राहून त्याला काही सांगू पाहणारी लाजो तुलनेने दुबळी म्हणून मागे पडते. दोपदीला वीरांगनेच्या आसनावर बसविताना आपण समीक्षकही सुंदरलालचेच काम पुढे चालवीत नाही ना, हे तपासावयास हवे.